स्टुडिओच्या कुंपणाबाहेर : नागरी हक्क चळवळीच्या काळातील स्वतंत्र अमेरिकी चित्रपट

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी सरकारी शाळांमधील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्काच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. या दोन तारखांमधील अकरा वर्षे म्हणजे नागरी हक्क चळवळीचा ऐन भराचा काळ. माँटगोमेरीचा बस बहिष्कार, लिटल रॉकची शाळा, ग्रीन्सबरोच्या उपाहारगृहातील ठिय्या, बर्मिंगहॅममधील पोलिसी कुत्री आणि पाण्याचे फवारे, वॉशिंग्टनचा मोर्चा ही सारी दृश्ये याच काळात वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून जगभर पोहोचली. त्याच सुमारास अमेरिकी चित्रपटाचा पडदा काय दाखवीत होता, हा प्रश्न साहजिकच पडतो.

हॉलीवूड गप्प होते असे म्हणता येणार नाही. स्टॅन्ले क्रेमर यांचा 'द डिफायंट वन्स' १९५८ मध्ये आला, 'टू किल अ मॉकिंगबर्ड' १९६२ मध्ये, तर 'गेस हूज कमिंग टू डिनर' आणि 'इन द हीट ऑफ द नाइट' हे दोन्ही १९६७ मध्ये. 'लिलीज ऑफ द फील्ड'साठी सिडनी पॉइटियर यांना १९६४ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. हे चित्रपट प्रामाणिक हेतूने काढलेले होते, त्यांतील काही उत्तमही आहेत. तथापि त्यांची मांडणी पुष्कळदा एकाच साच्यातील असे. कृष्णवर्णीय नायक असामान्य सद्गुणी असावा लागे आणि कथेचा खरा प्रवास कोणा गौरवर्णीयाच्या सदसद्विवेकाचा असे. 'गेस हूज कमिंग टू डिनर'मधील भावी जावई जगद्विख्यात डॉक्टर आहे. तो साधा टपाल कारकून असता तर त्या घरात काय घडले असते, हे चित्रपट विचारतच नाही. 'द डिफायंट वन्स'च्या शेवटी पॉइटियर यांचे पात्र गोऱ्या सोबत्यासाठी सुटकेच्या रेल्वेगाडीतून खाली उडी मारते. त्या उडीने गोरा प्रेक्षक सुखावला आणि हार्लेममधला प्रेक्षक संतापला, असे निरीक्षण जेम्स बाल्डविन यांनी १९७६ मधील आपल्या चित्रपटविषयक पुस्तकात नोंदविले आहे.

या साच्यामागे व्यवहार होता. गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवण्यास चित्रपट उद्योगाच्या स्वयंनियमन संहितेने १९५६ पर्यंत मनाई केली होती, आणि दक्षिणेतील चित्रगृहे दुखावली तर उत्पन्नाचा मोठा वाटा बुडेल ही धास्ती स्टुडिओंना कायम असे. म्हणूनच, ज्यांना या विषयाकडे वेगळ्या नजरेने पाहायचे होते त्यांना स्टुडिओच्या बाहेर पडून पैसा उभा करावा लागला. त्यांच्याजवळ नामांकित नट नव्हते, उभारलेले देखावे नव्हते, पुष्कळदा वितरकही नव्हता. या अडचणींतून जे चित्रपट निघाले त्यांनी प्रश्नच बदलला. कृष्णवर्णीय माणूस आपल्या पंगतीला बसण्यास योग्य आहे काय, या प्रश्नात त्यांना रस नव्हता. त्याला रोज किती मिळतो, त्याला कामावरून कोण काढू शकतो, त्याचे मूल कोणाकडे राहणार, हे ते विचारू लागले. वर्णद्वेषाकडे व्यवस्था म्हणून पाहण्याची ही दृष्टी त्या काळी नवीनच होती.

या धारेचा आरंभ बहुधा जॉन कॅसाव्हेट्स यांच्या 'शॅडोज'पासून मानला जातो. कॅसाव्हेट्स तेव्हा न्यूयॉर्कमध्ये नवोदित नटांसाठी अभिनयाची कार्यशाळा चालवीत. तेथील एका प्रसंगातून चित्रपटाची कल्पना निघाली. जीन शेपर्ड यांच्या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात त्यांनी ती श्रोत्यांना ऐकवली आणि श्रोत्यांनी पाठवलेल्या लहानसहान रकमांतून सुमारे दोन हजार डॉलर जमले. १९५७ मध्ये सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर, मॅनहॅटनच्या रस्त्यांवर चित्रीकरण सुरू झाले. पहिली आवृत्ती १९५८ मध्ये मोजक्या प्रेक्षकांना दाखवली गेली. कॅसाव्हेट्स स्वतःच असमाधानी होते, म्हणून त्यांनी पुष्कळसा भाग नव्याने चित्रित करून १९५९ मध्ये दुसरी आवृत्ती सिद्ध केली. समीक्षक जोनास मेकस यांना पहिलीच अधिक भावली होती आणि दुसरीवर त्यांनी कडाडून टीका केली. पुढे हरवलेली मानली गेलेली ती पहिली आवृत्ती २००४ मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात पुन्हा पडद्यावर आली.

'शॅडोज'ची कथा तीन भावंडांची. थोरला ह्यू गडद वर्णाचा गायक आहे. बेन आणि लेलिया इतके उजळ की अनोळखी माणूस त्यांना गोरे समजतो. टोनी नावाचा गोरा तरुण लेलियाच्या प्रेमात पडतो, तिच्या घरी येतो आणि तेवढ्यात ह्यू दारातून आत शिरतो. हा आपला भाऊ, असे लेलिया सांगते. टोनीच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी बदलते, मग तो एक अपॉइंटमेंट आठवल्याची सबब पुढे करून निघू लागतो. वर्णाचा उच्चार कोणी करत नाही. एरवी भाषणांनी भरून काढला जाणारा हा प्रसंग येथे एका चेहऱ्यावर उरकतो, आणि प्रेक्षकाला मात्र सगळे कळलेले असते. ह्यूचा अपमान याहून नित्याचा आहे. गाण्यासाठी बोलावलेल्या या गायकाला तिसऱ्या दर्जाच्या क्लबात विनोद सांगून नाचणाऱ्या मुलींची ओळख करून देण्याचे काम दिले जाते. चित्रपटाच्या शेवटी झळकणाऱ्या पाटीवर तो उत्स्फूर्त अभिनयातून घडल्याचे म्हटले आहे. दुसऱ्या आवृत्तीतील बरेच प्रसंग आधी लिहिलेले होते हे आता सर्वज्ञात असल्याने ती पाटी फारशी गंभीरपणे घेण्याचे कारण नाही. त्याहून महत्त्वाचा आक्षेप लेलियाच्या भूमिकेविषयीचा आहे : ती करणारी लेलिया गोल्डोनी ही अभिनेत्री गौरवर्णीय होती. वर्ण ही डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे की समाजाने लावलेला अर्थ, असे विचारणाऱ्या चित्रपटात ही निवड एका परीने समर्पक ठरते, एका परीने खटकते.

'शॅडोज'मध्ये रोग न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात आहे. त्याला थेट दक्षिणेच्या चौकात उभे केले ते रॉजर कॉर्मन यांनी, आणि हे नाव या यादीत पाहून अनेकांना नवल वाटेल. अल्प खर्चात, अल्पावधीत भयपट व थरारपट काढण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या कॉर्मन यांनी चार्ल्स बोमाँट यांची १९५९ ची 'द इंट्रूडर' ही कादंबरी निवडली. एकाही स्टुडिओने पैसे देण्याची तयारी दाखवली नाही, तेव्हा बंधू जीन यांच्यासह त्यांनी स्वतःची पुंजी घातली. ऐंशी-नव्वद हजार डॉलरमध्ये उरकलेला हा चित्रपट १९६२ मध्ये प्रदर्शित झाला. कथेला वास्तवाचा आधार होता. टेनेसी राज्यातील क्लिंटन येथील शाळेत १९५६ च्या ऑगस्टमध्ये बारा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, त्या वेळी जॉन कॅस्पर नावाचा मूळचा न्यू जर्सीचा तरुण गावात उतरला आणि त्याने भाषणे करून वातावरण पेटवले. प्रकरण दंगलीपर्यंत गेले व नॅशनल गार्डचे जवान आणावे लागले. पुढे १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये ती शाळाच बॉम्बस्फोटांनी उद्ध्वस्त झाली.

चित्रपटातील अ‍ॅडम क्रेमर हा असाच पाहुणा. पांढराशुभ्र सूट घातलेला, गोड बोलणारा, वयस्कर बायकांशी अदबीने वागणारा हा तरुण बसमधून कॅक्स्टन या काल्पनिक गावात उतरतो. ही भूमिका विल्यम शॅटनर यांनी केली आहे. गावातील गोऱ्यांना शाळेतील एकत्रीकरण मान्य नाही, पण कायदा झाला आहे तर तो पाळावा लागणार अशी त्यांनी मनाची तयारी केलेली आहे. क्रेमर त्यांच्या मनात नवा द्वेष पेरीत नाही. जो आहे तो उघडपणे बाळगण्याची त्यांना परवानगी देतो. न्यायालयाच्या पायऱ्यांवरून रात्री केलेल्या त्याच्या भाषणाचा प्रसंग आजही अंगावर येतो. त्याचे एक कारण समोरच्या गर्दीत आहे. कॉर्मन यांनी चित्रीकरण मिसुरी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, चार्ल्सटन, साइक्स्टन आदी गावांत केले होते आणि गर्दीतील चेहरे तेथील रहिवाशांचे होते. त्यांना पूर्ण पटकथा दाखवलेली नव्हती. त्या चेहऱ्यांवरील तन्मयता अभिनयाची किती आणि खरी किती, हे ठरवणे अवघड जाते. साइक्स्टनमध्ये १९४२ साली एका कृष्णवर्णीय माणसाला जमावाने ठार मारले होते. म्हणजे ही जागा केवळ दक्षिणेसारखी दिसते म्हणून निवडलेली असली, तरी तिला स्वतःचाही इतिहास होता. कथेचा रोख लक्षात येऊ लागला तसा गावकऱ्यांचा विरोध वाढला, धमक्या आल्या, ठिकाणे बदलावी लागली आणि शाळेच्या मैदानातील अखेरचा प्रसंग तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या जागी टिपावा लागला.

चित्रपटात उणिवा आहेत. खोट्या आरोपाचा बळी ठरू पाहणारा जोई ग्रीन हा विद्यार्थी सोडला, तर कृष्णवर्णीय पात्रे बहुधा सोसणारी आणि मूक आहेत. जमावाला भानावर आणणारा शेवट तर फारच सोयीचा आहे. अशा जमावांचा प्रत्यक्ष इतिहास इतका समंजस नाही. परंतु सकाळच्या उन्हात गावाच्या मुख्य रस्त्यावरून शाळेकडे चालत जाणाऱ्या मुलांचा प्रसंग पाहावा. दोन्ही बाजूंना उभे असलेले लोक काही करीत नाहीत, नुसते पाहतात. तेवढे पुरेसे होते. संवादांतील वर्णवाचक शिवीमुळे उद्योगाच्या संहितेचे प्रमाणपत्र मिळण्यात अडचण आली आणि चित्रपट चालला नाही. पुढे तो 'आय हेट युअर गट्स' अशा भडक नावाने पुन्हा विकण्याचाही प्रयत्न झाला. ज्यात पैसे बुडाले असा आपला हा पहिलाच चित्रपट, असे कॉर्मन अखेरपर्यंत सांगत. त्यातून त्यांनी काढलेला धडा असा, की वर रंजन असावे आणि म्हणायचे ते खालच्या थरात ठेवावे. २०२४ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले तोवर शेकडो चित्रपट त्यांच्या नावावर जमा होते. इतके उघडपणे बोलणारा मात्र हाच. जाता जाता एक योगायोग : द्वेषाचा प्रचारक रंगवणारे हेच शॅटनर १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये 'स्टार ट्रेक' मालिकेत निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीसह चुंबनदृश्यात दिसले, आणि दूरचित्रवाणीच्या इतिहासात त्या प्रसंगाची नोंद झाली.

कॅक्स्टनसारख्या गावांकडे बोट दाखवून उत्तरेकडील प्रेक्षक मोकळा होऊ शकत होता. लॅरी पियर्स यांच्या 'वन पोटॅटो, टू पोटॅटो' (१९६४) ने ती सोय ठेवली नाही. ओहायो राज्यातील पेन्सव्हिल या लहानशा शहरात त्याचे चित्रीकरण झाले. ओहायोने गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावरील बंदी १८८७ मध्येच उठवली होती, त्यामुळे कायद्याने येथे कसलाच अडथळा नाही. पतीने टाकलेली ज्यूली आणि तिच्याच कारखान्यात काम करणारा फ्रँक विवाह करतात. तिची लहान मुलगी एलन फ्रँकच्या घरी रमते. मग पहिला नवरा परततो व मुलीच्या ताब्यासाठी न्यायालयात जातो. न्यायाधीश दुष्ट नाही. तो घर पाहतो, मुलीशी बोलतो, ती सुखी असल्याचे त्याला दिसते. आणि तरीही अशा घरात वाढलेल्या मुलीला जग सुखाने जगू देणार नाही या कारणावरून तो तिला गोऱ्या बापाच्या हवाली करतो. म्हणजे पूर्वग्रह जगाचा आणि शिक्षा घराला. आपण काही वाईट वागलो म्हणून आपल्याला घालवून देत आहेत, अशी समजूत झालेली मुलगी निघताना आईला मारू लागते. या प्रसंगाचा विसर पडणे कठीण आहे.

याच चित्रपटात आणखी एक जागा आहे. ताबा जाणार हे दिसू लागल्यावर फ्रँक एकटाच मोटारीत बसून मोकळ्यावरच्या चित्रगृहात काउबॉयपट पाहतो. पडद्यावर गोरे आणि मूळनिवासी यांची लढाई जुंपते आणि हा शांत, मितभाषी माणूस मूळनिवाशांच्या बाजूने ओरडू लागतो. बर्नी हॅमिल्टन यांनी हा उद्रेक विलक्षण ताकदीने साकारला आहे. ज्यूलीच्या भूमिकेसाठी बार्बरा बॅरी यांना १९६४ च्या कान महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार विभागून मिळाला. सोळा राज्यांत तेव्हाही उभ्या असलेल्या आंतरवर्णीय विवाहबंदीचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी रद्द केले. मुलाच्या ताब्याचा मुद्दा मात्र त्याहून बराच मागे राहिला. फ्लॉरिडातील एका आईने कृष्णवर्णीयाशी संसार थाटला म्हणून तिची मुलगी तिच्याकडून काढून घेण्यात आली होती. समाजाचा पूर्वग्रह हा ताबा नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात एकमताने सांगितले ते १९८४ मध्ये, चित्रपटानंतर वीस वर्षांनी.

शर्ली क्लार्क यांचा 'द कूल वर्ल्ड' (१९६३) हार्लेमच्या रस्त्यावरच घडतो. वॉरन मिलर यांच्या कादंबरीवरून तो केला आहे. निर्माते फ्रेडरिक वाइजमन पुढे माहितीपटकार म्हणून नावाजले गेले. ड्यूक या किशोरवयीन मुलाला टोळीचा म्होरक्या व्हायचे आहे आणि त्यासाठी त्याला एक पिस्तूल हवे आहे, एवढेच कथानक. कलाकारांतील बहुतेक मुले त्याच वस्तीतील होती. शाळेच्या सहलीत ही मुले वॉल स्ट्रीट पाहून येतात, तो प्रसंग कोणत्याही भाषणाहून बोलका आहे. कॅमेरा वस्तीकडे इतक्या जवळून पाहतो की कथेचा धागा अनेकदा सुटतो. माल वॉल्ड्रन यांचे जॅझ संगीत तो सांभाळून घेते. दीर्घकाळ घरगुती प्रतींच्या स्वरूपात उपलब्ध नसल्याने हा चित्रपट पाहिलेल्यांपेक्षा त्याविषयी वाचलेल्यांचीच संख्या अधिक राहिली.

या साऱ्यांत सर्वांगसुंदर चित्रपट कोणता, असे विचारल्यास उत्तर देण्यास फार विचार करावा लागत नाही. मायकेल रोमर यांचा 'नथिंग बट अ मॅन' (१९६४) हा तो चित्रपट होय. रोमर यांचा जन्म बर्लिनमधील ज्यू कुटुंबात १९२८ साली झाला. ज्यू मुलांना नाझी राजवटीतून बाहेर काढण्याच्या मोहिमेत ते १९३९ मध्ये इंग्लंडला पोहोचले आणि युद्धानंतर अमेरिकेत आले. हार्वर्डमध्ये त्यांना रॉबर्ट यंग भेटले. यंग यांनी १९६० मध्ये एनबीसी वाहिनीसाठी नॅशव्हिलच्या ठिय्या आंदोलनावर माहितीपट केला होता. या दोघांनी १९६२ मध्ये दक्षिणेत प्रवास केला, चळवळीतील लोकांच्या ओळखीने कृष्णवर्णीय कुटुंबांत मुक्काम केले, एका घराने पुढच्या घराचा पत्ता द्यायचा अशा रीतीने ते हिंडले, आणि त्यातून पटकथा लिहिली. दिग्दर्शन रोमर यांचे, छायाचित्रण यंग यांचे. मिश्र वर्णाच्या चमूने अलाबामात चित्रीकरण करणे १९६३ मध्ये जिवावर बेतण्यासारखे होते. म्हणून अलाबामा उभे राहिले ते न्यू जर्सीत. ही सावधगिरी केवळ निर्धनांचीच होती असे नाही : चार वर्षांनी आलेल्या 'इन द हीट ऑफ द नाइट'साठीही पॉइटियर दक्षिणेत मुक्काम करण्यास नाखूश असल्याने मिसिसिपीचे गाव मुख्यत्वे इलिनॉयमध्ये उभारावे लागले होते.

डफ अँडरसन रेल्वेमार्गाच्या दुरुस्तीच्या टोळीत काम करतो. मजुरी बरी, संसार नाही, मुक्काम रेल्वेच्या डब्यात. एका गावच्या चर्चमधील मेळाव्यात त्याला जोसी भेटते. ती शिक्षिका आणि धर्मोपदेशकाची मुलगी आहे. गोऱ्यांशी सांभाळून घेऊन मिळेल तेवढे पदरात पाडून घ्यावे, या धोरणावर तिच्या वडिलांचे सारे आयुष्य उभे आहे, आणि या फिरस्त्या मजुराशी लग्न करण्यास त्यांचा विरोध आहे. लग्न होते. डफ रेल्वेचे काम सोडून लाकडाच्या गिरणीत लागतो, आणि येथून चित्रपट आपल्या खऱ्या विषयाला हात घालतो. आपण एकजुटीने राहिलो तर मालकाला ऐकावे लागेल, असे काहीसे तो सोबत्यांपाशी बोलून जातो. कोणीतरी ते वर पोहोचवतो. मुकादम आवाज न चढवता त्याला सांगतो, की मी म्हणालो त्यात तसा काही अर्थ नव्हता एवढे सर्वांसमक्ष बोल आणि कामाला लाग. डफ नकार देतो, कामावरून जातो. दुसऱ्या गिरणीत त्याच्या आधी त्याचे नाव पोहोचलेले असते. सासऱ्याच्या शब्दामुळे पेट्रोल पंपावर मिळालेली नोकरीही गोऱ्या गिऱ्हाइकांच्या छेडछाडीपुढे मान न तुकवल्याने सुटते. चित्रपटात कोणाला झाडाला टांगले जात नाही, कोणाचे घर जळत नाही. रोजगाराची एकेक वाट शांतपणे बंद होत जाते, एवढेच.

आणि मग ती कोंडी घरात शिरते. हा भाग या चित्रपटाला त्या काळातील सगळ्या चित्रपटांपेक्षा वेगळा करतो. हताश झालेला डफ गरोदर जोसीला ढकलतो व घर सोडून निघून जातो. त्याचा स्वतःचा बाप असाच निघून गेलेला आहे. बर्मिंगहॅममध्ये दारूने खंगलेल्या अवस्थेत तो लीच्या आधाराने दिवस काढतो आहे. डफलाही पूर्वीच्या संबंधातून एक मुलगा आहे, त्याला त्याने दुसऱ्याच बाईकडे ठेवले आहे. म्हणजे सहानुभूतीचा धनी ठरलेला नायक स्वतः बापाचीच पुनरावृत्ती करू लागलेला असतो. कृष्णवर्णीय नायक निष्कलंक असला पाहिजे, हा दंडक येथे मोडतो. डफ चुकतो, लबाडी करत नाही. रागावतो, तो राग चुकीच्या जागी निघतो. बापाच्या मृत्यूनंतर तो आपल्या मुलाला सोबत घेऊन जोसीकडे परततो. बाहेरचे काहीही सुधारलेले नाही, नोकरी नाही, गावही तेच आहे.

आयव्हन डिक्सन आणि अ‍ॅबी लिंकन या दोघांचा अभिनय संयमाचा वस्तुपाठ आहे. लिंकन या जॅझ गायिका. मॅक्स रोच यांच्या १९६० मधील स्वातंत्र्यविषयक जॅझ ध्वनिमुद्रिकेतील त्यांचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना जोसीच्या मृदू स्वरामागे काय दडले आहे याची कल्पना येईल. बापाची भूमिका करणारे ज्युलियस हॅरिस व्यवसायाने रुग्णसेवक होते आणि पूर्वी त्यांनी चित्रपटात काम केलेले नव्हते. डिक्सन यांच्याहून ते जेमतेम आठ वर्षांनी मोठे, पण पडद्यावर त्यांचे वार्धक्य खरे वाटते. पार्श्वसंगीत असे जवळजवळ नाहीच. रेडिओवर, जूकबॉक्सवर मोटाउन कंपनीची त्या काळची गाणी वाजत राहतात आणि तेवढ्याने वातावरण भरते.

व्हेनिस आणि न्यूयॉर्कच्या महोत्सवांत १९६४ मध्ये चित्रपटाचे कौतुक झाले, परंतु व्यावसायिक वितरण तोकडे राहिले. शहरांतील कलाचित्रगृहांत तो पाहिला गेला तो प्रामुख्याने गोऱ्या सुशिक्षित प्रेक्षकांकडून. ज्यांचे जीवन त्यात होते त्यांच्या वस्त्यांपर्यंत तो क्वचितच पोहोचला. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला. 'शॅडोज'चाही त्याच वर्षी, आणि 'द कूल वर्ल्ड'चा पुढल्या वर्षी. यंग २०२४ मध्ये आणि रोमर २०२५ मध्ये वारले.

येथे एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. वरील पाचही चित्रपटांचे दिग्दर्शक गौरवर्णीय आहेत. कॅमेरा, पैसा आणि ओळखी ज्यांच्याजवळ होत्या त्यांनीच ही गोष्ट सांगितली. कृष्णवर्णीयांनी स्वतः चित्रपट काढण्याची परंपरा अमेरिकेत नव्हती असे मुळीच नाही. ऑस्कर मिशो यांनी 'विदिन अवर गेट्स' १९२० मध्येच काढला होता आणि त्यात झुंडीने केलेल्या हत्येचे चित्रण होते. पण चळवळीच्या ऐन काळात ती वाट जवळजवळ बुजलेली होती. विल्यम ग्रीव्ह्ज यांना माहितीपटाचे काम शिकण्यासाठी कॅनडात जावे लागले. मेल्विन व्हॅन पीबल्स फ्रान्समध्ये गेले, फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहून तेथील दिग्दर्शकाचा परवाना मिळवला आणि एका कृष्णवर्णीय सैनिकाच्या तीन दिवसांच्या रजेवरचा आपला पहिला कथापट तेथे काढला. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महोत्सवात तो दाखल झाला तो फ्रान्सची प्रवेशिका म्हणून. त्यांनी १९७१ मध्ये स्वबळावर काढलेला 'स्वीट स्वीटबॅक' आरंभी डेट्रॉइट आणि अटलांटा येथील अवघ्या दोन चित्रगृहांत लागला व अफाट चालला. ज्यांच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या ब्लॅक पँथर पक्षाचे ह्यूई न्यूटन यांनी आपल्या पक्षाच्या मुखपत्रातून त्याची भरभरून प्रशंसा केली. तो चित्रपट डफ अँडरसनच्या शांत नकारापासून फार दूर निघून गेलेला आहे. डफच्या घराण्यातला खरा वारस शोधायचा तर चार्ल्स बर्नेट यांच्या 'किलर ऑफ शीप'कडे जावे लागते. लॉस एंजलिसच्या वॉट्स वस्तीतील कत्तलखान्याच्या कामगाराची ती कथा विद्यापीठातील प्रबंधचित्रपट म्हणून दहा हजार डॉलरहून कमी खर्चात सिद्ध झाली, आणि त्यातील गाण्यांच्या हक्कांचा तिढा सुटून रीतसर प्रदर्शित व्हायला २००७ साल उजाडले.

डफची भूमिका करणारे आयव्हन डिक्सन पुढे स्वतः दिग्दर्शक झाले. सॅम ग्रीनली यांच्या कादंबरीवरून त्यांनी १९७३ मध्ये 'द स्पूक हू सॅट बाय द डोअर' काढला. गुप्तहेर संस्थेने दाखवण्यापुरता नोकरीत घेतलेला कृष्णवर्णीय अधिकारी तेथे शिकलेले सारे शिकागोतील तरुणांना शिकवतो, असे त्याचे कथानक. बराचसा पैसा कृष्णवर्णीय गुंतवणूकदारांकडून उभा केलेला. शिकागोत परवानगीची अडचण आली, तेव्हा इंडियाना राज्यातील गॅरी या शहराने आपले रस्ते उघडून दिले; तेथील महापौर रिचर्ड हॅचर स्वतः कृष्णवर्णीय होते. प्रदर्शनानंतर थोड्याच काळात हा चित्रपट चित्रगृहांतून दिसेनासा झाला. डिक्सन यांनी त्याची मूळ निगेटिव्ह दुसऱ्याच नावाने संग्रहात ठेवली होती. २००४ मध्ये त्याची डीव्हीडी निघाली ती त्याच निगेटिव्हवरून.